डच चर्चमधला पांढरा उजेड: सानरेडाम, द विटे आणि रिकामी वाटणारी चित्रं

पांढरीमाती

नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट शहरात डोम नावाचं मोठं चर्च आहे, त्याच्या चौकातून मी रोज सायकलने जाते. एका बाजूला ११२ मीटर उंच मनोरा, दुसऱ्या बाजूला चर्चचा उरलेला भाग आणि मधे मोकळं आकाश. दोन्ही पूर्वी एकाच इमारतीचे भाग होते. १ ऑगस्ट १६७४ रोजी वादळ झालं आणि मधलं मोठं दालन कोसळलं. आता ते कुठवर होतं, हे चौकातल्या फरसबंदीत वेगळ्या दगडांनी दाखवलं आहे. पाऊस पडून गेला की त्या रेघा जास्त उठून दिसतात.

त्या दालनात बसून एका माणसाने त्याची रेखाटनं केली होती. साल १६३६, म्हणजे ते पडण्याच्या ३८ वर्षं आधी. चित्रकार होता तो, नाव पीटर सानरेडाम. गेली दोन वर्षं मी या माणसाच्या मागे आहे, आणि त्याच्याबद्दल मराठीत कुणाशी तरी बोलायचं होतं म्हणून हा धागा.

सानरेडामचा जन्म १५९७ चा, आसेनडेल्फ्ट गावातला. वडील यान सानरेडाम नावाजलेले ताम्रपट-खोदकाम करणारे होते. पीटर दहा वर्षांचा व्हायच्या आतच ते गेले. पुढे तो हार्लेमला आला, तिथेच शिकला आणि १६६५ मध्ये तिथेच वारला. आयुष्यभर त्याने जवळजवळ एकच विषय रंगवला, तो म्हणजे चर्चचं अंतरंग. त्याची साठच्या आतबाहेर चित्रं आज माहीत आहेत. चाळीस वर्षांच्या कामाला हा आकडा लहान वाटतो, पण त्याची पद्धत कळली की वाटेनासा होतो.

आधी तो जागेवर बसून हाताने रेखाटन करायचा आणि त्यावर तारीख घालायचा, अगदी दिवसासकट. खांबांची, कमानींची मापं घ्यायचा. मग घरी पट्टी-कंपास घेऊन त्याच जागेचं यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) नियमांनी दुसरं, काटेकोर रेखाटन करायचा. त्यात पाहणाऱ्याचा डोळा कुठे आहे आणि किती अंतरावर धरला आहे, याचीही नोंद असायची. त्या कागदाची मागची बाजू काळी करून, रेघा गिरवून तो ते लाकडी फळीवर उतरवायचा आणि मग पातळ रंगांचे थर द्यायचा. पहिलं रेखाटन आणि पुरं झालेलं चित्र यांच्यात कधी दहा, कधी पंधरा वर्षं जायची.

आता या चित्रांत दिसतं काय? पांढऱ्या भिंती, राखाडी-पिवळसर खांब, साध्या काचांच्या उंच खिडक्या, आणि जमिनीवर वाटाण्याएवढी माणसं. पहिल्यांदा मी अशा चित्रापुढून सरळ पुढे निघून गेले होते. वाटलं, इथे काहीच नाही. दुसऱ्या वेळी पाय दुखत होते म्हणून समोरच्या बाकावर बसले, आणि पाच मिनिटांनी लक्षात आलं की भिंतीत पांढरा रंग एकही नाही. कुठे लोणी, कुठे राख, कुठे किंचित गुलाबी, कुठे ओल्या चुन्याचा निळसरपणा. खांब एका बाजूने उजळत जाऊन दुसऱ्या बाजूने कधी विझतो, ते बोट ठेवून सांगता येत नाही.

या पांढऱ्या रंगामागे मोठा इतिहास आहे. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट आली. तिला डचमध्ये बेल्डनस्टॉर्म म्हणतात, मूर्तींवरचं वादळ. हार्लेमचं सेंट बाव्हो चर्च १५७८ मध्ये कॅल्व्हिनपंथीय प्रॉटेस्टंटांच्या ताब्यात आलं. वेद्या गेल्या, संतांचे पुतळे गेले, भिंतींवर चुन्याचे हात बसले. सानरेडाम जन्मला तेव्हा या गोष्टीला वीस वर्षंही झाली नव्हती. त्याने रंगवलेल्या चर्चमध्ये लहानपणी पुतळ्यांपुढे मेणबत्ती लावलेले म्हातारे अजून हयात असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की या चित्रांना 'रिकामी' म्हणणं चूक आहे. वेदी काढून टाकल्यावर जी जागा उरली, तिच्यात उजेड कसा वागतो हे त्याने चाळीस वर्षं मोजलं. तुम्हाला काय वाटतं? ही चित्रं कुणी प्रत्यक्ष पाहिली आहेत का?

कॅनव्हास

सुंदर लिहिलंय. मी लंडनच्या नॅशनल गॅलरीत युट्रेक्टच्या ब्यूरकेर्क या चर्चचं चित्र पाहिलं आहे, १६४४ चं. त्यात उजवीकडे दोन मुलं आहेत. एक कुत्र्याला काहीतरी शिकवतोय आणि दुसरा भिंतीवर चित्र काढतोय. चित्र कसलं, तर एका घोड्यावर बसलेले चार भाऊ. ही तिकडची जुनी लोककथा आहे, एमोनचे चार मुलगे आणि त्यांचा जादूचा घोडा बायार्ड. त्या पोराच्या चित्राखालीच सानरेडामने आपली सही केली आहे! आणि वर भिंतीवर दहा आज्ञांच्या पाट्या घेतलेल्या मोशेची चौकट. 'कोरीव मूर्ती करू नकोस' ही आज्ञा त्यातच येते, आणि खाली एक मूल भिंतीवर बिनधास्त घोडा काढतंय.

मी त्यापुढे खूप वेळ उभा होतो. मला तर ते त्याचं स्वतःचं लहानपण वाटलं.

पांढरीमाती

@कॅनव्हास, अगदी! त्या चित्राची आणखी एक गोष्ट. १६३६ च्या ऑगस्टमध्ये त्याने ब्यूरकेर्कचं एक रुंद रेखाटन केलं होतं. त्याचा उजवा अर्धा भाग लंडनच्या चित्रात आहे आणि डाव्या अर्ध्या भागाचं चित्र अमेरिकेत, फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात. एकाच बैठकीत पाहिलेली जागा आज महासागराच्या दोन काठांवर आहे.

ब्यूरकेर्क अजून उभं आहे. आत आपोआप वाजणाऱ्या वाद्यांचं संग्रहालय आहे. मुलीला घेऊन गेले होते. ती बाजाच्या पेट्या ऐकत होती आणि मी वर खांबांकडे बघत होते.

ओळंबा

मी वास्तुविशारद आहे, पुण्यात. धागा वाचून राहवलं नाही म्हणून बांधकामाच्या बाजूने थोडं लिहितो.

पश्चिम नेदरलँड्सची जमीन भुसभुशीत, पाण्याने भरलेली. तिथे दगडी छताचं वजन पेलणं कठीण. म्हणून अनेक मोठ्या चर्चना वर लाकडी कमानछत आहे. हार्लेमच्या बाव्होतसुद्धा मुख्य छत लाकडी आहे. त्या चर्चवर दगडी मनोरा बांधायला घेतला होता, पण खालच्या खांबांना भार झेपेना म्हणून तो उतरवून शिसं मढवलेला लाकडी मनोरा चढवला. छत हलकं असलं की भिंतींवरचा भार कमी होतो आणि खिडक्या मोठ्या ठेवता येतात. म्हणजे सानरेडामच्या चित्रातला उजेड काही अंशी त्या चिखलाची देणगी आहे.

त्यात रंगीत काचा जाऊन साध्या काचा आल्या आणि भिंतींना चुना लागला. चुन्याचं वैशिष्ट्य आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना पक्कं माहीत आहे. ऑइलपेंट लावलेल्या भिंतीवर उजेड एका जागी चमकतो. चुन्याच्या भिंतीवर तो पसरतो, कारण पृष्ठभाग खरखरीत, कणीदार असतो. एका भिंतीवरून दुसरीवर, तिच्यावरून खांबावर, खांबावरून छताला असा तो फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत थोडा मऊ होतो. पांढरीमाती ताईंनी लोणी, राख, गुलाबी असं जे लिहिलंय, ते हेच फिरणं आहे. खालच्या विटकरी फरशीचा, थडग्यांच्या निळसर दगडांचा रंग तो बरोबर घेऊन वर जातो.

आणखी एक. ही चर्च पूर्व-पश्चिम असतात. म्हणजे लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेला. उत्तरेच्या खिडक्यांतून दिवसभर एकसारखा, सावली न पाडणारा उजेड येतो. चित्रकाराच्या स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी असते ती याचसाठी. दक्षिणेकडून उन्हाचे तिरके पट्टे येतात आणि तासातासाला सरकतात. सानरेडामला बहुतेक चित्रांत पहिला उजेड हवा आहे. ऊन फारच क्वचित.

दुर्बीण

माहितीपूर्ण धागा. पण थोडं वेगळं मत मांडतो. मला ही चित्रं भूमितीचा सराव वाटतात. तंत्र अफाट आहे, पण त्यात माणूस कुठे आहे? रेम्ब्रांटचा एक चेहरा मला अशा दहा चर्चपेक्षा जास्त सांगतो. शिवाय याला अमूर्त चित्रकलेचा पूर्वज म्हणून अमूर्त चित्रकार मोंद्रियानशी जोडायची पद्धत आहे, तीही ओढूनताणून वाटते.

पांढरीमाती

@दुर्बीण, मोंद्रियानबद्दल सहमत. ज्याने खांबाचा घेर पावलांत मोजला तो अमूर्त कसा?

पण 'नुसती भूमिती' हे मान्य नाही. त्याने भूमितीला ठिकठिकाणी वाकवलं आहे. मूळ रेखाटन आणि चित्र शेजारी ठेवलं की दिसतं, चित्रात खांब जास्त उंच झालेत, कमान जास्त सडपातळ झाली आहे, मधला अडथळा करणारा तपशील गेला आहे. डोळ्याची उंची त्याने बरेचदा खूप खाली ठेवली आहे, त्यामुळे आपण जमिनीलगत बसून वर पाहतो असं वाटतं. मोजल्याशिवाय एवढा नेमका बदल करता येत नाही.

तो खोट्याच्या बाबतीत किती काटेकोर होता, याची एक गोष्ट सांगते. १६२८ मध्ये अफवा उठली की हार्लेमजवळ तोडलेल्या एका सफरचंदाच्या झाडाच्या गाभ्यात पाद्र्यांच्या आकृती उमटल्या आहेत. लोक त्याला चमत्कार म्हणू लागले. सानरेडामने त्या लाकडात खरोखर जे डाग होते ते जसेच्या तसे काढून छापले, अफवा खोटी ठरवण्यासाठी. असा माणूस जेव्हा चर्चचा खांब वाढवतो, तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं. बदल त्याच्याकडून चुकून होत नाही.

आणि कधीकधी तो उलट दिशेनेही जातो. सेर्टोखनबॉस शहरातल्या सेंट जॉन चर्चचं रेखाटन त्याने १६३२ मध्ये केलं. शहर १६२९ मध्ये डच सैन्याने जिंकलं होतं आणि वेदीवरचं चित्र कॅथलिकांनी जाताना नेलं होतं. १६४६ मध्ये चित्र रंगवताना त्याने ती मोकळी जागा मोकळी ठेवली नाही, तिथे वेदीचं दुसरंच चित्र भरलं. प्रॉटेस्टंट चित्रकार गेलेली वेदी परत सजवतो आहे! त्यामागे ग्राहकाची इच्छा असेल किंवा आणखी काही, पण या भिंतींवरून काय गेलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, एवढं तरी दिसतं.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. जुन्या गोव्यात वाढलेल्या माणसाला ही चित्रं पाहताना धक्का बसतो. आमच्याकडे बाहेरची भिंत बहुधा पांढरी आणि आत सोनंच सोनं. बॉम जीझस चर्चमध्ये शिरलात की नजर थेट वेदीच्या सोनेरी कोरीवकामाकडे ओढली जाते. चर्चची रचनाच तुम्हाला एका जागी नेण्यासाठी आहे. सानरेडामच्या चित्रात नजर कुठेच थांबत नाही, कडेच्या दालनात जाते, खिडकीकडे वळते, परत येते.

हार्लेममध्ये तो बाव्होची चित्रं करत होता, त्याच सुमारास, १६३७ मध्ये, डचांनी आमच्या शेजारी वेंगुर्ल्यात वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायची तर जवळ ठिकाण हवं म्हणून. त्या वखारीची पडकी वास्तू मी पाहिली आहे, झाडांच्या मुळांनी भिंती धरलेल्या. आतून पांढरं चर्च आणि आतून सोनेरी चर्च यांचं भांडण किती लांब येऊन पोहोचलं होतं, हे तिथे उभं राहून जाणवलं. (अर्थात खरं भांडण मिरी-लवंगेचं होतं.)

कॅनव्हास

उन्हाचा विषय निघालाच आहे तर इमानुएल द विटेवर बोलायला हवं. ओळंबादादांनी सांगितलेला दुसरा उजेड, दक्षिणेच्या खिडकीतला सरकणारा, तो द विटेचा. जन्म आल्कमारचा, मग डेल्फ्ट, मग ॲम्स्टरडॅम. त्याच्या चित्रात पुढचा भाग अंधारात असतो, कुणीतरी काळ्या अंगरख्यात पाठमोरं उभं, आणि मागे खांबावर उन्हाचा एक तुकडा पडलेला. तो तुकडा इतका प्रखर असतो की बाकी चर्च त्याच्याभोवती गोळा होतं. जमिनीत थडगं उकरलेलं, बाजूला मातीचा ढीग, फावडं. चर्चमध्ये फिरणारी कुत्री. आया मुलांना दूध पाजताना.

तो सानरेडामसारखा मापाला बांधलेला नव्हता. दोन चर्चचे तुकडे जोडून तिसरं उभं करायचा. पण ऊन खरं आहे. दुपारी साडेतीनला कुठल्याही जुन्या इमारतीत शिरा, तेच ऊन भेटेल.

त्याचा शेवट फार वाईट झाला. हौब्राकेन या चरित्रकाराने लिहून ठेवलंय की कर्जाने आणि भांडणाने गांजून १६९१-९२ च्या हिवाळ्यात तो बेपत्ता झाला आणि कालवा गोठलेला असल्याने त्याचं प्रेत कित्येक आठवड्यांनी सापडलं.

ओळंबा

@कॅनव्हास, डेल्फ्टवरून आठवलं, हौकखेस्ट या चित्रकाराचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सानरेडाम बहुधा समोरून पाहतो, भिंत आपल्याला समांतर. १६५० च्या सुमारास हौकखेस्टने डेल्फ्टच्या न्यूवे केर्कमध्ये कोपऱ्यातून पाहायला सुरुवात केली. रेघा दोन्हीकडे पळतात आणि त्यांचे लोपबिंदू (त्या जिथे मिळाल्यासारख्या दिसतात ते बिंदू) चित्राच्या कडेला किंवा चौकटीबाहेर जातात. मधे एक जाडजूड खांब, त्याने विल्यम ऑफ ऑरेंजची समाधी अर्धी झाकलेली. राष्ट्रपुरुषाची समाधी अर्धवट झाकायची हिंमत बघा! पण त्यामुळेच तुम्ही मान कलती करून खांबामागे पाहू लागता, आणि मान कलती केली की तुम्ही त्या चर्चमध्ये उभे असता.

विद्यार्थ्यांना पर्स्पेक्टिव्ह शिकवताना मी हेच चित्र दाखवतो.

भिंगारवेस

बराच वेळ वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

मी अहमदनगरचा, प्रॉटेस्टंट घरातला. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. ज्या लहानशा चर्चमध्ये वाढलो तिथे मूर्ती नाही, रंगीत काच नाही. चुन्याच्या भिंती, साधा क्रूस, पुलपिट (प्रवचनाचा उंच मंच) आणि बाकं. कुणी पाहुणे आले की म्हणायचे, आत काहीच नाही की! लहानपणी याचं वाईट वाटायचं.

वर दुर्बीण यांनी विचारलंय, माणूस कुठे आहे. आमच्या परंपरेत हायडेलबर्गच्या धर्मबोधात (श्रद्धेची प्रश्नोत्तरी), तो १५६३ चा, हाच प्रश्न येतो: अशिक्षित लोकांसाठी चर्चमध्ये चित्रं चालतील का? उत्तर असं की देव आपल्या लोकांना मुक्या मूर्तींनी शिकवत नाही, वचनाच्या जिवंत उपदेशाने शिकवतो. म्हणजे ती जागा आवाजासाठी रिकामी केलेली आहे. रविवारी सकाळी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत सुरू झालं की आमच्या त्या उघड्या भिंतींवरून आवाज परत यायचा, आणि पन्नास माणसं दोनशे वाटायची. सानरेडामची चित्रं मी फक्त पडद्यावर पाहिली आहेत. पण ती पाहिली की मला प्रार्थना सुरू होण्याआधीची दहा मिनिटं आठवतात. दार उघडलेलं, बाकं पुसलेली, कुणी आलेलं नाही.

दुर्बीण

@भिंगारवेस, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'आवाजासाठी रिकामी केलेली जागा' हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रेम्ब्रांट मला अजूनही जवळचा आहे, पण ही चित्रं आता परत पाहीन.

पांढरीमाती

@भिंगारवेस, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आणि तुमच्यासाठीच एक चित्र सांगायचं राहिलं होतं.

सानरेडामने आपल्या जन्मगावचं, आसेनडेल्फ्टचं चर्च रंगवलं आहे. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. रेखाटन १६३४ चं, घरी केलेलं काटेकोर रेखाटन १६४३ चं आणि चित्र १६४९ चं. त्यात प्रवचन चालू आहे. लांबवर पुलपिटमध्ये उपदेशक, बाकांवर काही लोक आणि कितीतरी जण फरशीवर मांडी ठोकून बसलेले, आपल्याकडे कीर्तनाला बसतात तसे. म्हणजे आवाज आहे त्या चित्रात. आणि पुढच्या फरशीवर एक थडग्याचा दगड आहे, त्यावरची अक्षरं वाचता येतात. तो त्याच्या वडिलांचा दगड आहे. वडील गेले १६०७ मध्ये. चित्रावर तारीख घातली तेव्हा पीटर ५२ वर्षांचा होता.

ते चर्च एकोणिसाव्या शतकात पाडलं. युट्रेक्टची मारियाकेर्कही त्याच शतकात गेली, तिचा नुसता आतला ओवऱ्यांचा चौक उरला आहे. १६३६ च्या उन्हाळ्यात, शहरात प्लेग असताना, सानरेडाम इथे वीसेक आठवडे राहिला आणि या चर्चमध्ये पुन्हा पुन्हा बसला. तिथल्या एका खांबाची दंतकथा होती की तो दलदलीत खचत होता म्हणून त्याच्या पायाभरणीत बैलाची कातडी घातली. त्या खांबावरचा बैल आणि लेखसुद्धा त्याने रंगवून ठेवला आहे. आज मारियाकेर्क आतून कशी होती हे कुणाला पाहायचं असेल तर त्याच्याचकडे जावं लागतं.

मांडवीकाठ

मे महिन्यात भावाकडे आइंडहोव्हनला येतोय. एक दिवस हातात आहे. राइक्सम्युझियम की हार्लेम?

पांढरीमाती

@मांडवीकाठ, दोन्ही जमेल, ॲम्स्टरडॅमहून हार्लेम रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं आहे. सकाळी राइक्समध्ये आसेनडेल्फ्टचं चित्र पाहा, मग हार्लेमला बाव्होत जा. तिथला मोठा ऑर्गन पाहून चित्रातला समजू नका, तो १७३८ चा आहे, सानरेडामने रंगवलेला त्याआधीचा. सानरेडाम स्वतः तिथेच पुरलेला आहे, फ्रान्स हाल्ससुद्धा. दुपारी तीननंतर गेलात तर दक्षिणेच्या खिडक्यांचं ऊन खांबांवर चढलेलं असेल. बसायला खुर्च्या आहेत. युट्रेक्टला उतरणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डोमच्या चौकात भेटू, त्या फरशीतल्या रेघा दाखवते.